कॉर्ड कळफलक आणि अर्थांचा तक्ता

एका कळेला एक अक्षर, हा टंकलेखन यंत्राचा रिवाज सर्वत्र रुजला असला, तरी त्याच्या जोडीने तार कचेऱ्यांत एक वेगळी पद्धतही वाढत होती. तीत कळा मोजक्याच असतात आणि पेटीवर पट्ट्या दाबाव्यात तशा त्या अनेक बोटांनी एकदम दाबल्या जातात. अशा एकत्र दाबलेल्या कळांच्या संचाला ‘कॉर्ड’ म्हणतात. फ्रान्समधील एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत पाच कळा होत्या, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या हाताला, आणि त्यांतून ३१ संच बनत. कोणत्या संचाचे कोणते अक्षर, हे यंत्र चालवणाऱ्याला बदलता येत नसे. याचे कारण कचेरीच्या शिस्तीपेक्षा यंत्राच्या रचनेत होते: संच जसाच्या तसा तारेवरून जाई आणि त्याचे अक्षर पलीकडच्या टोकाला छापले जाई, त्यामुळे दोन्ही टोकांना एकच तक्ता असणे भाग होते.

संगणकाने हे बंधन काढले, कारण आता संचाचे अक्षर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रातच ठरू लागले. तरीही तक्त्याचा अधिकार लगेच त्याच्या हाती आला नाही. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जे प्रात्यक्षिक दिले, त्यात उजव्या हाताखाली तीन बटणांचा माउस आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा संच होता. इंग्रजी वर्णमाला द्विमान अंकांच्या क्रमाने या कळांवर बसवलेली होती, म्हणजे पहिले अक्षर एक, दुसरे दोन आणि तिसऱ्यासाठी त्या दोन्ही कळा एकदम. पण २६ अक्षरांनंतर जेमतेम पाच संच उरत असल्याने कॅपिटल अक्षरे, आकडे व विरामचिन्हे यांना जागा नव्हती, आणि ती माउसने पुरवली: त्याचे ठरावीक बटण दाबून धरले की त्याच ३१ संचांचा अर्थ बदले. माउसचे बटण म्हणजे केवळ पडद्यावरील वस्तू निवडण्याचे साधन, ही आजची समजूत त्यामुळे अपुरी ठरते. पुढे झेरॉक्सच्या ऑल्टो संगणकालाही हा संच जोडता येत असे. पण सरावाचे कष्ट घेण्यास फारसे कोणी तयार नव्हते, आणि माउस तेवढा बाजारात पोहोचला.

(कॉर्ड पद्धत फसली, असे म्हणणाऱ्यांनी ब्रेल यंत्र विसरू नये. फ्रँक हॉल यांनी १८९२ मध्ये केलेल्या यंत्रात ब्रेलच्या सहा बिंदूंसाठी सहा कळा होत्या, आणि १९५१ मध्ये भारती ब्रेल निश्चित झाल्यापासून मराठीही त्याच सहा बिंदूंत लिहिली जाते.)

तक्ता खऱ्या अर्थाने वापरणाऱ्याकडे आला तो १९९० च्या दशकात, ट्विडलर या मुठीत धरायच्या कळफलकामुळे. त्यात चार बोटांसाठी तीन स्तंभांत बारा कळा असतात, आणि त्याच उपकरणाने पडद्यावरचा बाणही हलवता येतो. म्हणून माउसची डावी-उजवी बटणे हीदेखील बोटांखालच्या कळांनाच नेमून द्यावी लागतात. ही नेमणूक तक्त्यात हवी तशी करता येते, शिवाय एकाच संचाला वारंवार लागणारा अख्खा शब्द किंवा प्रत्ययही देता येतो. जॉर्जिया टेक येथील थॅड स्टार्नर यांच्यासारख्या अंगावर संगणक बाळगणाऱ्या संशोधकांनी हे साधन वर्षानुवर्षे वापरले. मात्र या मुभेमुळे एकाचा ट्विडलर दुसऱ्याच्या हाती निरुपयोगी ठरण्याची शक्यता निर्माण झाली, आणि बोदोच्या तक्त्याने जी एकवाक्यता सक्तीने साधली होती, ती येथे मूळ तक्त्याला हात न लावणाऱ्यांपुरतीच उरली.