रजिस्टरातला रकाना

पंचवीस वर्षे शाळेच्या जनरल रजिस्टरात 'मुलगा की मुलगी' हा रकाना भरताना माझा हात कधी अडखळला नाही. एर्क्युलीन बार्बँची हकीकत वाचली आणि अडखळला.

१८३८ साली फ्रान्समध्ये जन्म, नोंद मुलगी म्हणून. मठाच्या शाळेत शिकून ती मुलींची शिक्षिका झाली, म्हणजे आमच्याच पेशातली. पुढे डॉक्टरांनी तपासले, तेव्हा शरीरावर दोन्ही खुणा आढळल्या. १८६० मध्ये न्यायालयाने तिला पुरुष ठरविले. नाव बदलले, नोकरी सुटली. १८६८ मध्ये पॅरिसमध्ये तिने (की त्याने? लेखणी इथेही अडते) आत्महत्या केली. मागे आत्मवृत्त उरले.

वास्तविक गर्भात पहिले सहा आठवडे सर्वांच्याच जननग्रंथी सारख्या असतात. पुढची वाट गुणसूत्रे आणि संप्रेरके ठरवितात. क्वचित ती मध्येच वेगळी वळते. यात पाप कोणाचे?

विसाव्या शतकात डॉक्टर अशा तान्ह्या बाळांवर शस्त्रक्रिया करून प्रश्न 'मिटवू' लागले. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने जिवावर बेतले नसेल तर अशा शस्त्रक्रियांना मनाई करण्याचा आदेश तामिळनाडू सरकारला दिला. मूल मोठे होऊन स्वतः सांगेपर्यंत थांबायचे. तोवर रकाना कोरा राहिला तर काय बिघडते, याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.