उज्जयिनीचे चिन्ह

राज्य कितीही लहान असो, स्वतःची ओळख पटविणारे एखादे चिन्ह त्याला लागतेच. इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधील मॅन या स्वशासित बेटाच्या ध्वजावर तीन पायांची आकृती आहे. तीच त्याच्या नाण्यांवरही आढळते. कापडी ध्वज काळाच्या ओघात टिकत नाहीत, नाणी टिकतात. प्राचीन उज्जयिनीचे चिन्ह आपल्याला ज्ञात आहे ते नाण्यांमुळेच. एक फुली आणि तिच्या चार टोकांना चार वर्तुळे, अशी ती साधी आकृती. काही नाण्यांवर ब्राह्मी लिपीत नगराचे नावही कोरलेले आहे.

हे चिन्ह महाराष्ट्राला परके नाही. पैठणच्या सातवाहनांच्या नाण्यांवरही ते आढळते. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. एका बाजूस कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचे चिन्ह! नाणे हातोहात फिरले की सत्तांतराची दवंडी आपोआप पिटली जाई.

पुढे उज्जयिनी क्षत्रप चष्टनाची राजधानी झाली. टॉलेमीने तसा उल्लेख केला आहे. या क्षत्रपांच्या नाण्यांवर तीच कमानींची टेकडी दिसते. रणांगणावर एकमेकांचे वैरी असलेल्या या घराण्यांनी प्रजेच्या परिचयाची चिन्हे मात्र पुसून टाकली नाहीत. राजे गेले, लोकांनी ओळखलेली खूण राहिली.