मायट्रल क्लिप

मायट्रल क्लिप : हृदयाच्या डाव्या बाजूची गळकी मायट्रल झडप छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून नेलेल्या चिमट्याने सांधण्याचा उपचार.

डाव्या अलिंदातले (वरच्या कप्प्यातले) रक्त खाली निलयात (खालच्या कप्प्यात) उतरू द्यायचे आणि परत वर चढू द्यायचे नाही, एवढेच या झडपेचे काम. हार्ट फेल्युअरमध्ये बहुधा झडपेचे पडदे धडधाकट असतात. बिघडलेला असतो तो निलय. हृदयविकाराच्या झटक्याने किंवा स्नायूच्या आजाराने तो फुगतो, आणि चौकट फाकलेल्या दाराच्या फळ्या भिडू नयेत तसे पडदे एकमेकांना टेकत नाहीत. रक्त उलटे फिरते, फुप्फुसांत दाब वाढतो, रुग्णाला धाप लागते, उशा रचून झोपावे लागते, पाय सुजतात.

उपायाची कल्पना मिलानचे शल्यविशारद ओत्ताव्हियो अल्फिएरी यांची. 1991 मध्ये त्यांनी दोन्ही पडद्यांच्या कडा मधोमध टाक्याने जोडल्या. झडपेला एकाऐवजी दोन तोंडे झाली आणि गळती घटली. हाच टाका पुढे चिमट्याने घालता येऊ लागला; माणसावर पहिला प्रयोग 2003 चा. नळी शिरेतून उजव्या अलिंदात जाते, दोन अलिंदांमधला पडदा भेदून डावीकडे येते. अन्ननलिकेत सोडलेल्या एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) चित्रावर नजर ठेवून डॉक्टर दोन्ही पडदे पकडतात. पकड मनाजोगती नसेल तर चिमटा उघडून पुन्हा लावता येतो. सोडून दिल्यावर मात्र तो तिथेच राहतो.

उपचार कोणाला द्यायचा, हा खरा अवघड भाग. 2018 मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. 614 रुग्णांच्या अमेरिकी ‘कोॲप्ट’मध्ये दोन वर्षांत केवळ औषधांवरचे शंभरातले 46, तर क्लिप बसवलेले 29 दगावले. 304 रुग्णांच्या फ्रेंच ‘मित्रा-एफआर’मध्ये वर्षअखेरीस काहीच फरक दिसला नाही. सर्वाधिक पटणारा खुलासा असा : निलय फार फुगण्याआधी आणि औषधे पूर्ण मात्रेत देऊनही गळती मोठी राहिली, तरच क्लिप उपयोगी पडते. त्यामुळे ती औषधांची जागा घेत नाही.

बीडसारख्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आडवी येते. भारतात तरुण रुग्णाची झडप गळत असली तर संधिवाती ताप आधी आठवावा लागतो. लहानपणी घसा दुखून आलेल्या या तापाने पडदे जाड होतात, चिकटतात. अशी झडप क्लिपने आणखी आवळली की गळती थांबून अरुंदपणा उरतो. म्हणून तिथे शस्त्रक्रियेने दुरुस्ती किंवा नवी झडप हेच मार्ग. याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला 1974 पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्टेथोस्कोपमधून ऐकू आलेला ‘मर्मर’ (हृदयातला जादा आवाज) आणि त्यानंतरचा साधा एको, निवड इथूनच सुरू होते. संधिवाती तापानंतर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास गाव सोडून उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या कुटुंबातल्या मुलाचे नेमके तेच चुकते.