लाडेची लढाई

लाडेची लढाई ही इ.स.पू. ४९४ मध्ये आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावर, मिलेटस नगरासमोरील लाडे बेटाजवळ झालेली आरमारी लढाई होय. तीत इराणी साम्राज्याच्या आरमाराने आयोनियातील ग्रीक नगरांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. इ.स.पू. ४९९ पासून चाललेल्या आयोनियन बंडाचा निकाल या लढाईने लागला. लढाई सुरू होताच सामॉसच्या बहुतेक नौका निघून गेल्या, हे पराभवाचे प्रमुख कारण मानले जाते. लढाईचा वृत्तान्त मुख्यतः हिरोडोटसच्या इतिहासग्रंथाच्या सहाव्या भागात आला आहे.

पार्श्वभूमी

आयोनियातील ग्रीक नगरे इराणच्या अंमलाखाली होती आणि त्यांपैकी अनेकांवर इराणी सत्तेच्या पाठिंब्याने स्थानिक हुकूमशहा राज्य करीत. मिलेटसचा शासक आरिस्टागोरस याने नॅक्सॉस बेटावरील मोहीम फसल्यानंतर बंड पुकारले. या हुकूमशहांना नगरांतून हाकलण्यात आले. अथेन्सने २० आणि एरेट्रियाने ५ नौका मदतीस पाठविल्या. इ.स.पू. ४९८ मध्ये बंडखोरांनी प्रांताची राजधानी सार्डिस जाळली. परंतु त्यानंतर अथेन्सने अंग काढून घेतले. पुढे इराणी सैन्याने सायप्रस परत जिंकले आणि बंडाचे केंद्र असलेल्या मिलेटसकडे मोर्चा वळविला.

पॅनिओनियन येथील सभेत आयोनियन प्रतिनिधींनी जमिनीवर लढाई न देण्याचे ठरविले. तटबंदीचे रक्षण मिलेटसच्या नागरिकांनी करावे आणि सर्व नगरांच्या युद्धनौका लाडे येथे एकत्र याव्यात, असा निर्णय झाला.

दोन्ही बाजूंची आरमारे

हिरोडोटसने दिलेली आयोनियन व्यूहरचना पूर्वेकडून पश्चिमेकडे अशी होती :

- मिलेटस – ८०
- प्रिएनी – १२
- मायूस – ३
- टिऑस – १७
- कायॉस – १००
- एरिथ्री – ८
- फोकेया – ३
- लेस्बॉस – ७०
- सामॉस – ६०

एकूण ३५३ नौका होत्या. त्या ट्रायरीम, म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगा असलेल्या युद्धनौका होत्या. अशा नौकेवर सुमारे १७० वल्हेकरी धरून साधारण २०० माणसे असत.

इराणी बाजूस ६०० नौका होत्या, असे हिरोडोटस सांगतो. इतर इराणी मोहिमांसाठीही तो हाच आकडा देत असल्याने आधुनिक इतिहासकार तो अंदाजी मानतात. या आरमारात फिनिशियन, इजिप्शियन, सिलिशियन आणि नुकतेच जिंकलेले सायप्रसवासी होते. म्हणजे इराणसाठी समुद्रावर लढणारेही प्रामुख्याने त्याचे अंकित लोकच होते.

फितुरीचा प्रस्ताव

एवढे मोठे आरमार पाहून इराणी सेनापतींनी बळापूर्वी भेदाचा उपाय योजला. त्यांनी पदच्युत हुकूमशहांना एकत्र करून प्रत्येकाला आपापल्या नगराशी गुप्तपणे बोलणी करण्यास सांगितले. शरण येणाऱ्यांची घरे व मंदिरे जाळली जाणार नाहीत. लढणाऱ्यांना मात्र गुलामगिरी, मुलांचे खच्चीकरण आणि मुलींची बॅक्ट्रियाला रवानगी भोगावी लागेल, असा निरोप होता. प्रारंभी सर्वांनी तो धुडकावला. मात्र हा निरोप केवळ आपल्यालाच आला आहे, असा प्रत्येक नगराचा समज झाला.

फोकेयाचा सेनानी डायोनिसियस याने आयोनियन आरमाराचा सराव सुरू केला. शत्रूची फळी भेदून पलीकडे जाण्याची चाल तो रोज करवून घेई आणि उरलेला दिवसही नौका नांगरून सज्ज ठेवी. सात दिवसांनंतर उन्हाने व श्रमाने त्रासलेल्या वल्हेकऱ्यांनी आज्ञा मोडली. अवघ्या तीन नौका आणणाऱ्याचा हुकूम का मानावा, असा त्यांचा सवाल होता. ते बेटावर तंबू ठोकून सावलीत बसले. ही बेशिस्त पाहून सामॉसच्या सेनापतींनी आपला जुना हुकूमशहा इआसेस याचा प्रस्ताव स्वीकारला.

लढाई

आरमारे भिडताच सामॉसच्या ६० पैकी ४९ नौका शिडे उभारून मायदेशी निघाल्या. उरलेल्या ११ नौकांच्या कप्तानांनी सेनापतींची आज्ञा झुगारून लढाई दिली. शेजारची फळी रिकामी झालेली पाहून लेस्बॉसच्या नौकाही पळाल्या आणि बहुतेक आयोनियनांनी तेच केले. कायॉसच्या प्रत्येक नौकेवर ४० निवडक सशस्त्र नागरिक होते. त्यांनी अनेक शत्रुनौका काबीज केल्या. पण स्वतःच्याही बहुतेक नौका गमावल्या.

कायॉसच्या काही मोडक्या नौका मायकेली येथे किनाऱ्याला लागल्या. त्यांवरील लोक पायी एफेससच्या हद्दीत रात्री पोहोचले. तेथे स्त्रियांचा थेस्मोफोरिया उत्सव चालू होता. स्त्रियांना पळविण्यास दरोडेखोर आले, असे समजून एफेससच्या लोकांनी त्यांना ठार केले. डायोनिसियस तीन शत्रुनौका पकडून निसटला आणि पुढे सिसिलीत राहून कार्थेजी व इट्रुस्कन जहाजे लुटू लागला. ग्रीक जहाजांना त्याने हात लावला नाही.

परिणाम

त्याच वर्षी मिलेटस पडले. बहुतेक पुरुष मारले गेले आणि वाचलेल्यांना टायग्रिस नदीच्या मुखाजवळील अँपी येथे वसविण्यात आले. डिडिमा येथील मंदिर लुटून जाळण्यात आले. अथेन्समध्ये फ्रिनिकस या नाटककाराने या विषयावर नाटक केले, तेव्हा प्रेक्षक रडू लागले. स्वकीयांच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल त्याला १००० द्राख्मा दंड झाला आणि त्या नाटकाच्या प्रयोगावर बंदी आली.

सामॉसची घरे व मंदिरे वाचली आणि इआसेस पुन्हा सत्तेवर आला. त्याची सत्ता नको असलेले काही सधन नागरिक सिसिलीला निघून गेले. लढलेल्या ११ कप्तानांची नावे सामॉसच्या चौकातील स्तंभावर कोरण्यात आली. तो स्तंभ हिरोडोटसच्या काळीही उभा होता.

मूल्यमापन

कोण शूर व कोण भ्याड ठरले हे आपण निश्चित सांगू शकत नाही, कारण सारे एकमेकांना दोष देतात, असे हिरोडोटस स्वतः नमूद करतो. डायोनिसियसच्या सरावाची कथा सामॉसच्या बचावासाठी सांगितली गेली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

इ.स.पू. ४८० मध्ये सॅलमिसच्या लढाईत आयोनियन नौका इराणच्या बाजूने लढल्या. पुढच्याच वर्षी मायकेलीच्या लढाईत मात्र सामॉस व मिलेटसच्या लोकांनी इराणी सैन्याविरुद्ध शस्त्र धरले आणि आयोनियाने दुसऱ्यांदा बंड केले.

आजचे स्थान

मेआंडर नदीच्या गाळाने तेथील आखात बुजले असून लाडे बेट आज तुर्कस्तानातील सपाट शेतजमिनीत उभी असलेली टेकडी आहे.