पडद्याच्या पलीकडे बसून

१९७८ सालचे गणपती. नागपुरात, धरमपेठेतल्या गल्लीत दोन खांबांना पांढरा पडदा ताणलाय आणि तुम्हाला पुढं जागा मिळालेली नाही. चटया दिवेलागणीलाच भरल्या. "पोट्टेहो, मांगं व्हा!" मंडळाचे काका ओरडतात. तुम्ही सरळ पडद्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसता. सिनेमा इथूनही दिसतो, फक्त उलटा. नायक डावखुरा झालाय. वारा आला की कापड फुगतं, त्याबरोबर नायिकेचा गालही. सोळा एमएमचं मशीन खडखडतंय. रीळ संपलं की दिवे लागतात, शेंगदाण्याच्या पुड्या फिरतात, आणि ऑपरेटर पुढचं रीळ चढवेपर्यंत अख्खी गल्ली पुढं काय होणार यावर भांडते. पुन्हा अंधार. सेकंदाला २४ चित्रं सरकतात आणि प्रत्येक चित्र बदलताना प्रकाश झाकला जातो. तो काळोख तुमच्या लक्षातही येत नाही.

आता १९८७. मे महिना, रविवार. सकाळी 'रामायण' झालंय. रात्री शेजारच्या काकूंच्या बैठकीत भाड्याचा व्हीसीआर आलाय. कूलरच्या वाळ्याचा वास, वीस इंची कृष्णधवल टीव्ही, दाराशी चपलांचा ढीग. कॅसेट 'कागज के फूल'ची. १९५९ चा हा गुरुदत्तचा सिनेमा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा. रिकाम्या स्टुडिओत वरून प्रकाशाचा झोत येतो, कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी तो टिपलाय. दोन माणसं, त्यांच्यामधलं अंतर आणि तो झोत, एवढंच दृश्य. पण टीव्हीची काच जवळजवळ चौरस. सिनेमास्कोपचं चित्र तिथं वरपासून खालपर्यंत बसवायचं, तर बाजूचं चाळीस टक्क्यांहून जास्त कापावं लागतं. या कॅसेटमध्ये तेच केलंय. एकजण दिसतो, दुसरा काचेबाहेर. जे अंतर दाखवायला मूर्तींनी एवढी रुंदी वापरली, तेच गेलं! याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी काकू पदरानं डोळे पुसतात, कारण चेहरा लहान पडद्यावरही पोचतो.

तशी सिनेमाची सुरुवात लहान चित्रापासूनच झाली. १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या किनेटोस्कोपच्या पेटीत एका वेळी एकानंच वाकून बघायचं. मोठा पडदा मुंबईत आला तो ७ जुलै १८९६ ला, वॉटसन हॉटेलात.

२०२२. तुमच्या हातात फोन आहे, त्यावर नागराज मंजुळेंचा वस्तीतल्या पोरांवरचा सिनेमा 'झुंड'. आता कडा कापलेल्या नाहीत. पण अख्खं चित्र जेमतेम पंधरा सेंटिमीटर रुंद. बाळ झोपलंय, कानात इअरफोन, मध्येच थांबवून दूध तापवून येता येतं. ही सोय मोलाची आहे, तिला नावं ठेवणार नाही. संवादही स्वच्छ ऐकू येतात. पण पावसात डबा लाथाडत पळणारी पोरं फोनवर तिळाएवढी होतात, आणि वस्ती व कॉलेज यांच्यामधली भिंत नुसती रेघ.

म्हणून त्याच वर्षीच्या मार्चमध्ये परत चला, सिनेमा नुकताच लागलाय. धरमपेठेतून बर्डीच्या थिएटरात जायला वेळ तो किती? तिकीट काढा, मधल्या रांगेत बसा. आता भिंतीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात. पोरांकडं बघायचं की भिंतीकडं, ते तुमचे डोळे ठरवतात. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडतं, "अबे, हे तं आपलं नागपूर!" आणि आजूबाजूचे दहाजण नेमकी जागा कोणती यावर वाद घालायला लागतात.