अल्पखर्ची एकल प्रवास (वऱ्हाड)

अल्पखर्ची एकल प्रवास म्हणजे सोबतीला कोणी न घेता, मर्यादित पैशांत आणि मुख्यतः सार्वजनिक साधनांच्या आधारे केलेला प्रवास. शिक्षण संपत आलेल्या किंवा नुकत्याच कमावू लागलेल्या तरुणांमध्ये तो ‘सोलो ट्रॅव्हल’, ‘बॅकपॅकिंग’ या नावांनी ओळखला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार वऱ्हाडातील, विशेषतः अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील, परंपरा व सोयी यांच्या संदर्भात केला आहे. नाव नवे असले तरी या भागात ही गोष्ट जुनी आहे. एस.टी., पॅसेंजर गाडी, धर्मशाळा आणि अन्नछत्र ही तिची चार साधने होत. यांतील एकेक साधन जसजसे आक्रसते, तसतसे गरीब घरातील तरुणाचे एकट्याने बाहेर पडणे अवघड होते, मग त्याचे धाडस कितीही असो.

पूर्वपीठिका

एकट्याच्या भ्रमंतीला मराठी वाङ्मयात आरंभापासून स्थान आहे. महानुभाव पंथात अटन, म्हणजे एका जागी न रमता फिरत राहणे, हा आचारधर्माचा भाग मानला गेला. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’चे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. त्यांतील ‘एकांक’ हा भाग चक्रधरस्वामी एकाकी राहत व हिंडत असतानाच्या लीळांचा आहे. हा ग्रंथ ज्या रिद्धपूर गावी आकारास आला, ते अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे. मराठीतील आद्य गद्यग्रंथाचा एक संपूर्ण भाग एकट्याच्या भ्रमणास वाहिलेला असावा, ही बाब ‘सोलो’ हा शब्द परका मानणाऱ्यांनी आणि तो नवा मानणाऱ्यांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे.

गाडगेबाबा आणि धर्मशाळा

आधुनिक काळात वऱ्हाडातील निष्कांचन भ्रमंतीचे सर्वांत ठळक उदाहरण संत गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) होय. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला आणि बालपण अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळी गेले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. त्यानंतर सुमारे बारा वर्षे ते अंगावर चिंध्या, हातात काठी व मातीचे फुटके गाडगे घेऊन हिंडले. गाडग्यातच अन्न घ्यावे, त्यातच पाणी प्यावे, असा त्यांचा क्रम होता. एखाद्या गावात शिरल्यावर आधी रस्ता झाडावा, कोणाचे पडेल ते काम करावे आणि मगच भाकरी मागावी, हा त्यांचा रिवाज पुढे त्यांच्या कार्याची ओळख ठरला. फुकट खाणे आणि पैशांवाचून हिंडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या या वागण्यातून स्पष्ट दिसते. त्यांच्या जाण्याचा भार मात्र मागे राहिलेल्या आई, पत्नी आणि मुलांनी वाहिला. भ्रमंतीच्या गौरवकथांत हा भाग सहसा दोन ओळींत आटोपतो.

या हिंडण्यातून पुढे जे उभे राहिले, ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. उघड्यावर रात्री काढलेल्या या माणसाने लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई इत्यादी ठिकाणी धर्मशाळा बांधवल्या. ज्यांना अस्पृश्य मानून इतरत्र उतरू दिले जात नसे, त्यांच्यासाठी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. प्रवासाचा खर्च केवळ तिकिटाचा नसतो. रात्री दार उघडेल की नाही, या प्रश्नाचीही किंमत असते आणि ती सर्वांना सारखी पडत नाही. धर्मशाळांनी या दुसऱ्या खर्चाला हात घातला. बाबांचा अंतही प्रवासातच झाला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला.

जवळपास याच काळात जर्मनीत रिचर्ड शिरमान या शाळामास्तराने मुलांच्या पायी सहलींसाठी स्वस्त मुक्कामाची कल्पना मांडली आणि १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू झाले. जगभरच्या ‘यूथ हॉस्टेल’ चळवळीचा उगम तेथे मानला जातो. दोन्ही प्रयत्नांचा एकमेकांशी संबंध नव्हता. मात्र, तरुणाने आणि गरिबाने हिंडावे असे वाटत असेल तर आधी छप्पर हवे, या एकाच निष्कर्षाला दोघे पोहोचले.

गो. नी. दांडेकर

तरुणपणी एकट्याने, खिशात काही नसताना केलेल्या प्रवासाचे मराठीतील सर्वपरिचित लेखन परतवाड्यात जन्मलेल्या लेखकाचे आहे. गोपाळ नीलकंठ दांडेकर (१९१६–१९९८) यांनी वयाच्या तेराव्या वर्षी, स्वातंत्र्यचळवळीच्या ओढीने, शाळा आणि घर सोडले. पुढील वर्षांत ते देशभर हिंडले, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, वेदान्ताचे अध्ययन केले आणि नर्मदेची पायी परिक्रमा केली. ‘स्मरणगाथा’ या त्यांच्या आत्मकथनपर ग्रंथास १९७६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी नर्मदा परिक्रमेच्या अनुभवावर आधारलेली आहे. त्यांनी गाडगेबाबांचे चरित्रही लिहिले.

दांडेकरांचा प्रवास आजच्या अर्थाने पर्यटन नव्हता. भिक्षा, सदावर्त, मठ, धर्मशाळा आणि अनोळखी घरांची ओसरी यांवर तो चालला. नर्मदाकाठी परिक्रमावासीयास शिधा देण्याची रीत आजही टिकून आहे. त्यामुळे हातात पैसा नसताना दीर्घ पायी प्रवास करता येईल अशा मोजक्या मार्गांत तिची गणना होते. वयाच्या तेराव्या वर्षी घर सोडणे हे अनुकरणासाठी पुढे ठेवण्याजोगे उदाहरण नव्हे. मात्र त्या काळी अशा मुलाला वाटेत जेवू घालणारी व्यवस्था अस्तित्वात होती, याचा ते पुरावा आहे.

रेल्वे

मुंबई–नागपूर लोहमार्गावर शेगाव, अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा ही स्थानके ओळीने येतात. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा जातो. अमरावतीहून मोर्शी, वरुडमार्गे नरखेडपर्यंतचा मार्ग अलीकडचा आहे. अकोल्याहून दक्षिणेस वाशीम, हिंगोली, पूर्णा असा मार्ग निघतो. अनारक्षित तिकिटावर पॅसेंजर गाडीने जाणे हा येथील सर्वांत स्वस्त प्रवास होय. दोनशे किलोमीटरच्या आतील अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्यानंतर सुटणाऱ्या पहिल्या गाडीने, प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी तिकीट काढून गावात फिरत बसलेल्या नवख्या प्रवाशाला हा नियम बहुधा तिकीट तपासनिसाकडून कळतो.

स्वस्त प्रवासाची दोन जुनी साधने याच भागात नाहीशी झाली. पहिले साधन ‘शकुंतला’ या नावाने लोकप्रिय असलेली अरुंदमापी गाडी होय. अचलपूर–मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर–यवतमाळ अशी ही गाडी कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झालेल्या, खासगी कंपनीच्या मालकीच्या मार्गावर धावत असे. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. वेग इतका मंद की धावत्या गाडीत चढणे-उतरणे नित्याचेच. पण भाडे बसच्या तुलनेत फारच कमी होते आणि वाटेवरच्या मजूर, विद्यार्थी व भाजी विकणाऱ्या बायांसाठी तेच महत्त्वाचे होते. दुसरे साधन अकोला–खांडवा हा मीटरमापी मार्ग. मेळघाटातून जाताना धूळघाटाजवळ हा मार्ग स्वतःलाच वळसा घालून वर चढत असे. वऱ्हाडातील माणूस याच मार्गाने खांडव्यापलीकडे ओंकारेश्वरापर्यंत, म्हणजे नर्मदाकाठी, कमी खर्चात जाई. रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये हा मार्ग बंद करण्यात आला. अकोला–अकोट भाग २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला, तर पुढचा मार्ग व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की बाहेरून, यावर दीर्घ वाद झाला. जंगलाच्या बाजूने मांडलेले मुद्दे वजनदार आहेत. तरी वाट बंद पडल्याने कोणाचा प्रवास थांबला, याची नोंद त्या वादात फारशी होत नाही.

एस.टी.

महाराष्ट्रात एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर प्रथम धावली. वऱ्हाडात रेल्वे नसलेल्या बहुतेक गावांना आजही तिचाच आधार आहे. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार किंवा सात दिवसांच्या पासाची योजना एकट्या प्रवाशास विशेष उपयोगी पडते. पासाचा दर बसच्या प्रकारानुसार बदलतो. विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास मात्र घर ते शाळा-महाविद्यालय एवढ्यापुरताच असतो. तो दाखवून चिखलदऱ्याला जाता येत नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सर्व प्रकारच्या एस.टी. बसमध्ये निम्मे तिकीट आकारले जाते.

खेडोपाडी जाणाऱ्या ‘मुक्कामी’ गाडीचे वेळापत्रक नवख्याने समजून घ्यावे लागते. ती संध्याकाळी गावात पोहोचते, चालक-वाहक तेथेच रात्र काढतात आणि पहाटे ती परत निघते. तिच्यात बसलेल्या प्रवाशाला त्या रात्री परतीची वाट नसते. मधल्या वेळात काळीपिवळी चालते. पण ती माणसे भरल्याशिवाय हलत नाही.

मुक्काम

अल्पखर्ची प्रवासातील सर्वांत अवघड भाग मुक्कामाचा आहे. शेगाव येथे गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासे आणि विनामूल्य महाप्रसाद, परतवाड्यापासून जवळ पण मध्य प्रदेशाच्या हद्दीत असलेल्या मुक्तागिरी या जैन तीर्थक्षेत्री धर्मशाळा, तसेच ठिकठिकाणी मठ व मंदिरांच्या ओवऱ्या, अशी व्यवस्था आहे. देवस्थानातील मुक्काम दर्शनार्थींसाठी असतो; तेथील वेळा, आहार व वर्तनाचे नियम पाळणे हेच त्याचे मोल होय.

अडचण वेगळीच असते. अनेक धर्मशाळा व लॉज एकट्या तरुणाला, आणि त्याहून अधिक एकट्या तरुणीला, खोली देण्यास राजी नसतात. घरातून पळून आलेली व्यक्ती, आत्महत्येची भीती, पोलिसांची चौकशी अशी कारणे सांगितली जातात. ओळखपत्र जवळ असणे, आधी दूरध्वनी करून विचारणे आणि दिवसाउजेडी पोहोचणे यांमुळे नकार कमी होतात, पण संपत नाहीत. निम्म्या तिकिटाने मुलींचा दिवसाचा प्रवास वाढला. रात्रीच्या छपराचा प्रश्न सुटलेला नसल्याने त्यांची भ्रमंती बहुधा शेवटच्या परतीच्या बसपुरती राहते. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक आहेत.

अन्न, पाणी आणि हवामान

अन्नाचा खर्च वऱ्हाडात फारसा नाही. अमरावतीचा गिला वडा, शेगावची कचोरी, बसस्थानकावरचा आलूबोंडा यांवर दुपार निघते.

पाण्याकडे मात्र लक्ष द्यावे लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मोठा भूभाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतील अनेक गावांत विहिरीचे व हातपंपाचे पाणी खारट असते. वान, शहानूर यांसारख्या धरणांतून नळाने पाणी आणले गेले आहे, तरी त्याला ठरावीक वेळ असते. या पट्ट्यात पायी किंवा सायकलने जाणाऱ्याने पाणी मोठ्या गावातच भरून घेणे इष्ट. उन्हाळ्यात अकोल्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्यामुळे कॉलेजला सुट्टी असते तो मे महिना प्रवासाला सर्वांत वाईट ठरतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा.

पहिल्या प्रवासाची ठिकाणे

अकोल्याहून बाळापूर हा एका दिवसात जाऊन येण्याजोगा प्रवास आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील किल्ला व नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगाची छत्री ही तेथील प्रेक्षणीय स्थळे होत. अमरावतीकरांना रिद्धपूर किंवा वर्धा नदीकाठचे, रुक्मिणीचे माहेर मानले गेलेले कौंडण्यपूर जवळ पडते. मुक्काम घडवायचा असल्यास शेगाव सोयीचे आहे.

चिखलदरा हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. परतवाड्याहून तेथे एस.टी. जाते. जवळच गाविलगड किल्ला आहे. तो १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी भोसल्यांकडून जिंकला. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी लॉजचे दर चढतात, त्यामुळे कमी पैशांत जाणाऱ्याने आठवड्याचे मधले दिवस निवडावेत. अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी शहानूर हे गाव आहे. किल्ला वनखात्याच्या अखत्यारीत असल्याने प्रवेशाच्या वेळा व शुल्क आधी विचारावे लागते.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय पायी हिंडण्यास मनाई आहे. बाहेरील कोरकू गावांत मोबाइलचे जाळे जागोजागी तुटते, तेव्हा कोणत्या गाडीने जाणार व कोणत्या दिवशी परतणार हे घरी आधी सांगून ठेवणे आवश्यक ठरते. बाजाराच्या दिवशी गावोगावची माणसे धारणीत येतात आणि वाहने मिळतात. अन्य दिवशी दुपारनंतर रस्त्यावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाला बहुधा संध्याकाळच्या मुक्कामी गाडीचीच वाट पाहावी लागते.