परमा : एका दडविलेल्या आजाराचा इतिहास (कल्याण–खडवली परिसराच्या संदर्भात)

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद या स्थानकांच्या दरम्यान, भातसा नदीच्या काठी खडवली वसले आहे. ठाणे ते कल्याण हा लोहमार्ग १ मे १८५४ रोजी आणि कल्याण ते वासिंद हा टप्पा १ ऑक्टोबर १८५५ रोजी खुला झाला. या मार्गाने मुंबईत मजूर गेले, सैनिक गेले, गिरणी कामगार गेले. त्यांच्याबरोबर रोगांनीही ये-जा केली. त्यांपैकी पटकी आणि प्लेग यांचा इतिहास लिहिला गेला. पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू किंवा स्राव जाण्याचा जो विकार मराठीत ‘परमा’ या नावाने ओळखला जातो, त्याचा उल्लेख मात्र स्थानिक इतिहासात जवळजवळ आढळत नाही. प्रस्तुत लेखात या मौनाचा मागोवा घेतला आहे.

‘परमा’ हा शब्द ‘प्रमेह’ या संस्कृत शब्दावरून आला. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत. परंतु त्यात मधुमेहाचाही समावेश होतो आणि पूयस्राव हे त्याचे मुख्य लक्षण नाही. पुढे एकाच नावाखाली अनेक विकार एकत्र आले. त्यात ‘धात जाणे’ या समजुतीची भर पडली. लघवीवाटे वीर्य जाऊन अशक्तपणा येतो, या भीतीने ग्रासलेल्या रुग्णांच्या स्थितीला मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. ही भीती आणि प्रत्यक्ष जंतुसंसर्ग या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. लोकांच्या बोलण्यात मात्र त्या वेगळ्या राहिल्या नाहीत, आणि वैदूच्या दृष्टीने हा गोंधळ सोयीचाच होता.

पाश्चात्त्य वैद्यकातही गोंधळ कमी नव्हता. परमा आणि उपदंश (लोकभाषेत ‘गरमी’) हे एकच रोग आहेत, असे अठराव्या शतकात जॉन हंटरसारख्या शल्यवैद्याचेही मत होते. फिलिप रिकॉर यांनी १८३८ मध्ये ते वेगळे असल्याचे दाखविले आणि १८७९ मध्ये अल्बर्ट नायसर यांनी परम्याचा जंतू शोधला.

वसाहतकालीन सरकारचे लक्ष या रोगाकडे वळले ते फौजेमुळे. १८६४ च्या छावणी कायद्याने लष्करी छावण्यांत आणि १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने शहरांत वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी सुरू झाली. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये थांबला, १८८० मध्ये पुन्हा आला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. या साऱ्या व्यवस्थेत तपासणी झाली ती स्त्रीची. ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडली गेली तीही स्त्रीच. १८९५ च्या सुमारास भारतातील गोऱ्या सैनिकांत या रोगांमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दर हजारी पाचशेच्या वर गेले होते, तरी पुरुषांच्या सक्तीच्या तपासणीची कल्पना सैनिकांचा अपमान म्हणून नाकारली गेली. नागरी पुरुष तर या नोंदींत रुग्ण म्हणून दिसतच नाही. कल्याणच्या बाजारपेठेतील हमाल किंवा खडवलीहून मजुरीसाठी मुंबईला जाणारा शेतकरी यांची दखल घेण्याचे सरकारला कारणच नव्हते.

मराठीत हा विषय उघडपणे मांडण्याचे श्रेय रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याकडे जाते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यामुळेच १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे त्यांचे पुस्तक त्याच सुमाराचे. जुलै १९२७ पासून निघालेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक आपल्या शंका पत्रांतून विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ, कोरड्या भाषेत उत्तरे देत. या कोरडेपणाचे महत्त्व आजवर पुरेसे ओळखले गेलेले नाही. पापाची भाषा टाळून त्यांनी पुरुष वाचकाला रुग्ण म्हणून संबोधिले. अशाच उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड झालाच.

त्या काळी उपचार वेदनादायक होते. पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने मूत्रमार्ग धुतला जाई किंवा चांदीच्या क्षारांचे द्रावण आत सोडले जाई. सल्फा औषधे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. १९४३ च्या सुमारास पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाला. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि कल्याणजवळ लष्कराची मोठी संक्रमण छावणी उभी होती. १९४९ मध्ये तेथेच उल्हासनगर वसले. सामान्य रुग्णाच्या दृष्टीने खरा बदल घडला तो पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यातून देशी पेनिसिलिन मिळू लागल्यावर. त्याच वर्षी औषधे व जादुटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा संमत होऊन गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी आली. तरीही लोकलच्या डब्यांत आणि स्थानकाबाहेरच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ या शब्दाची पत्रके दिसत राहिली. इंजेक्शन उपलब्ध झाले. लाज मात्र कायम राहिली.

या लाजेची किंमत वैद्यकीय आहे. परम्याचा स्राव बहुधा संसर्गानंतर दोन ते सात दिवसांत दिसतो. तो दाट व पिवळसर असतो आणि लघवीला जळजळ होते. क्लॅमिडियाचा स्राव पातळ असून एक ते तीन आठवड्यांनी येतो, कित्येकदा दिसतही नाही. तो आपोआप कमी झाला म्हणजे रोग गेला, हा समज सर्वांत घातक. संसर्ग आत राहून मूत्रमार्ग आकसतो, अंडकोषाजवळील नलिकेला सूज येते, वंध्यत्व येऊ शकते. पत्नीला तो बहुधा लक्षणांशिवाय जडतो, आणि मूल होत नाही म्हणून दोष तिच्याच माथी येतो. लॉक हॉस्पिटलचा न्याय घरात चालू राहतो तो असा. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांना संसर्ग होऊन अंधत्व येई; क्रेडे यांनी १८८१ मध्ये सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सुचविले ते याचसाठी.

म्हणून कोणताही स्राव दिसताच, तो थांबण्याची वाट न पाहता, तपासणी करून घेणे आवश्यक असते. अंडकोष दुखून सुजणे, ताप, सांधेदुखी किंवा लघवी अडणे ही लक्षणे असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. जोडीदाराचा उपचारही बरोबरीने व्हावा लागतो आणि दोघांचा उपचार होऊन सात दिवस होईपर्यंत शरीरसंबंध टाळावा लागतो. एचआयव्ही व उपदंश यांची चाचणी याच वेळी करून घेणे इष्ट. पेनिसिलिनला दाद न देणारे परम्याचे जंतू १९७६ मध्येच नोंदले गेले; पुढे सिप्रोफ्लॉक्सॅसिनही निकामी ठरले. त्यामुळे औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली गोळी रोग बरा न करता केवळ लपविते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. पुढे या आजारांसाठी शासकीय रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ आली, तेथे तपासणी व औषधे विनामूल्य असतात. मूत्रमार्गाच्या स्रावासाठी औषधांचा करड्या रंगाचा संच ठरविण्यात आला. चिठ्ठीवर रोगाचे नाव न वाचताही औषध हाती पडावे, इतकी सोय त्यात होती. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता विचारणा करता येते. खडवलीच्या रुग्णाला कल्याण काही स्थानकांच्या अंतरावर आहे. त्या प्रवासात डब्यातील पत्रक त्याच्या नजरेस आधी पडते, क्लिनिकची पाटी नंतर.